सासूबाईंची पारख

उद्या समुद्रात बुडी मारायची म्हणून टाउन्सव्हिलच्या दुकानात थेल्मा जावयाचं, ड्यूगलचं, सामान निवडत होती. त्याचा मास्क तिनं हाताला लागला तो उचलला. पण त्याच्या हवेच्या टाकीला जोडायच्या, श्वास घ्यायच्या जादा नळीसाठी दुकानदाराला सगळी खोकी उघडायला लावली. एकेक नळी स्वतः तोंडात धरून दहा-दहा श्वास घेतले.

"छे, हिच्यात दम लागतो. अजून चांगली काढ!"

दहा वर्षं टोमणेच खाल्लेल्या ड्यूगलला भरून आलं. अखेर आपण हिच्या घरचे झालो!

"थेल्मा, अगं, माझ्यासाठी एवढं कशाला?"

 

"तुझ्यासाठी कोण करतंय? जादाची नळी जोडीदारासाठी असते. उद्या पाण्याखाली तुझी जोडीदार मी आहे, आणि माझी हवा नेहमी आधी संपते."