बाराव्या माघातली बुडी

माघी पौर्णिमेच्या पहाटे फुलेसरी तंबूबाहेर आली तर दारातले जव बुडख्यापर्यंत खाल्लेले. प्रयागच्या वाळूत पेरून महिनाभर जपलेले जव आज कल्पवासाच्या, म्हणजे बारा वर्षं दर माघात नदीकाठी राहायच्या व्रताच्या, शेवटच्या स्नानाला गंगेला वाहायचे होते. "गोमाता दारात आली, उपाशी कशी धाडायची? मीच म्हटलं, खा बाई. पुण्यच लागेल!" नवरा रामअचल दातवण चावत म्हणाला. फुलेसरीनं स्नानाचा लोटा उचलला. व्रतात रागवायचं नाही, खोटं बोलायचं नाही. बाराव्या माघात, सांगतेच्या दिवशी ते मोडायचं कसं? पदराला उपरण्याची गाठ मारून दोघं पाण्यात उतरली. "रागावलीस काय गं?" त्यानं विचारलं. हो म्हणावं तर राग, नाही म्हणावं तर खोटं. तिनं बुडी मारली आणि बारा वर्षांचं साठलेलं सगळं पाण्याखाली बोलून टाकलं. वर नुसते बुडबुडे आले. "बघा," रामअचल शेजारणीला म्हणाला, "पाण्यातही हिचा जप चालूच!"