अर्धा दिवस

“परत लाल! वृषालीताईंना आता नारळ द्या,” माझ्या स्क्रीनवर बोट आपटत पोंक्षेसर म्हणाले.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात कामांचं वेळापत्रक सॉफ्टवेअर आखतं आणि रेंगाळलेल्या कामाची पट्टी लाल करतं. वृषालीताईंची प्रत्येक पट्टी लाल होती. मला ते पटेना. बाई मान वर न करता ड्रॉइंग काढतात आणि दोन वाजता आजारी सासऱ्यांसाठी घर गाठतात.

मी त्यांच्या नावावर क्लिक केलं आणि कपाळाला हात लावला. त्यांना अर्धवेळ घेतलंय, हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं. ते रोज त्यांच्याकडून अख्ख्या दिवसाचं काम मागत होतं. मी वेळ बदलली, तशा पट्ट्या भराभर हिरव्या झाल्या.

सर खुर्ची ओढून बसले. हिरव्या पट्ट्यांकडे बघता बघता त्यांचा आवाज खाली आला. “माझी आई दुपारी एकटीच जेवते हो. माझ्या नावापुढेही अर्धा दिवस टाका बरं. बघू, किती लाल होतं.”

एकच पट्टी लाल झाली. ती मी माझ्या नावावर ओढून घेतली.