पुढचा खांदा

गोटा खांद्यावरून पाठीमागं धाडकन पडला आणि खंडोबाच्या देवळापुढची फरशी हादरली. उत्तरेश्वर कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला, आणि धापा टाकता टाकताच हसायला लागला. पन्नाशीला टेकलेला गडी, पोट सुटलेलं. जिमला जाणाऱ्या अमरसिंहानं जोर लावला तरी तोच गोटा त्याच्या गुडघ्याच्या वर सरकला नव्हता.

"लेका उत्तऱ्या, सकाळी खाल्लंस तरी काय?" इंद्रजित पाटील सगळ्यांच्या आधी पळत आला आणि त्यानं उत्तरेश्वराच्या पाठीत गुद्दा घातला. अमरसिंह त्याचाच पोरगा, पण पाटील खूश. दोस्तीच तसली. शाळेत मास्तरांच्या सायकलीची हवा दोघांनी मिळून सोडली होती आणि छडी खाताना एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"तुझ्या पोराच्या वाटचं खाल्लं," उत्तरेश्वर म्हणाला. "तू म्हणतोस ना रोज!"

सगळे खदाखदा हसले. पाटील पण.

म्हणत होताच तो. मातंग वस्तीतल्या उत्तरेश्वराची पोरगी सोनाली सरकारी इंजिनिअरिंगला लागली, अमरसिंह न्हाय लागला, तेव्हापासून रोज. परवा तर हणमंतप्पाच्या हाटेलात टेबलावर मूठ आपटली त्यानं. "आमाला द्या, न्हायतर सगळ्यांचंच आरक्षण काढा! ज्याच्यात दम, त्याची जागा!"

उत्तरेश्वरानं बशीतला चहा फुर्रकन ओढला. "काढू की. सुरुवात गावापासनंच करू. पालखीचा पुढचा खांदा पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच घराला राखीव. औंदा जो गोटा उचलंल, त्याचा."

पाटलानं खाडकन टाळी दिली. "दिला शब्द. खंडोबाची आण."

ती टाळी घेऊनच उत्तरेश्वर घरी गेला. त्याची आई, मथुराबाई, म्हणाली, "बाबा, हाटेलातला शब्द देवळापातूर टिकत न्हाय."

"इंद्र्या तसा न्हाय, आये," तो म्हणाला, आणि बाजारात जाऊन नवा टावेल घेऊन आला. दांडा खांद्याला काचू नये म्हणून.

आता पालखी बाहेर निघाली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा उधळला, माणसं पिवळीधमक झाली. दरवर्षी ह्या वेळेला उत्तरेश्वर लिंबाखाली हलगी वाजवत असायचा. आज हलगी लिंबाला टांगलेली होती. त्यानं टावेलाची घडी उजव्या खांद्यावर नीट बसवली आणि पुढं गेला.

पुढच्या दांड्याला अमरसिंहानं आधीच खांदा दिलेला.

उत्तरेश्वर काही म्हणायच्या आत त्याच्या छातीवर एक पंजा आला. ढकललं न्हाय कुणी. नुसता पंजा ठेवला. इंद्रजित पाटलाचा.

"बास आता. झाली मस्करी."

"कसली मस्करी?"

"आरं, जन्मभर तू दुसरं केलंस काय? मला वाटलं ही बी तसलीच." पाटील हसला, पण दातच तेवढे दिसले. "ह्यो मान हाय उत्तऱ्या. देवाचा. ह्याला दम-बिम लावायचा नसतो."

"टाळी दिलीस, इंद्र्या. आण घेतलीस."

पाटलानं इकडंतिकडं बघितलं. सोयरेधायरे उभे होते, उमरग्याचे व्याही होते. तो उत्तरेश्वराच्या कानाशी वाकला.

"चारचौघांत इंद्र्या म्हणू नगंस."

उत्तरेश्वरानं मागं वळून बघितलं. टाळी ऐकलेली सगळी हाटेलातली माणसं तिथंच होती. एक जण वाकून चपलेचा अंगठा बघत होता. हणमंतप्पा मान वर करून भंडारा किती उंच गेला ते बघत होता.

"जा, हलगी घे," पाटील आता मायेनं म्हणाला. "तुझ्याबिगर पालखी हलत न्हाय, सगळ्या गावाला ठावं हाय. त्यो तुझा मान."

उत्तरेश्वर लिंबाकडं गेला. हलगी काढली. शेकोटीवर धरून कातडं तापवलं, बोटानं टिचकी मारून बघितली. टणकन वाजली. गर्दीनं सुटकेचा श्वास सोडला. झालं, मिटलं.

तो परत आला आणि त्यानं हलगीचा पट्टा पाटलाच्या गळ्यात अडकवला. दोन्ही काड्या त्याच्या मुठीत दिल्या.

"घ्या, पाटील. ह्यो राखीव मान बी काढला. आता तुमच्यात ज्याच्यात दम असंल, त्यानं वाजवावी."

मागं कुणीतरी खिक्‌ करून हसलं. मग दुसरं. मग सगळेच, उत्तरेश्वराची मस्करी म्हणून. पाटीलही हसला, गळ्यात हलगी घेऊन, आणि काड्या परत घ्यायला हात पुढं येईल म्हणून थांबला.

हात आला न्हाय.

हसणं हळूहळू विरलं. पालखी जागच्या जागी उभी. अमरसिंहानं ओझं ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं. उत्तरेश्वरानं टावेल काढला, त्यावरचा भंडारा झटकला आणि दुकानदारानं घातलेल्या घडीवरच परत घडी घालत बसला.

सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. आता हसंल, मग हसंल.