कोरडा पाव

दिग्दर्शक गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तिबिलिसीतल्या जेवणावळीत त्याच्याच सिनेमांवरून जुंपली. युद्धपट, भूतपट, गाण्यांचा सिनेमा, सगळ्यांची चिरफाड झाली. "तो गाढवाचा विनोदी सिनेमा म्हणजे निव्वळ कचरा!" पेले उचलायचे बोल बोलणारा मेजप्रमुख बादरी म्हणाला. "पण नेस्तान, युद्धपटात काय रडलीयस तू! त्या रडण्याच्या नावानं पिऊ!" रीतीप्रमाणे सगळे मृतासाठी पावावर वाइन ठिबकवू लागले. नेस्ताननं, दिग्दर्शकाच्या लेकीनं, पेला आपटला. "अभिनय नव्हता तो, बादरीकाका! सात वर्षांची होते. बाबा म्हणाले, तुझी आई मेली. कॅमेरा तुमच्याच हातात होता!" "कलेसाठी करावं लागतं, पोरी." "मग मला हसवायला ते स्वतः गाढवावरून पडले, तो कचरा?" आईचा पेला पावावर थबकला. "म्हणून महिनाभर माझा परकर सोडत नव्हतीस होय!" तिनं वाइन परत सुरईत ओतली, नवऱ्याच्या नावाचा कोरडा पाव मोडला आणि लेकीला भरवला.