राहिलेली तीस चित्रं

शेजारच्या टेबलावरचे कुरामोचीसान सकाळी दहाला अॅनिमेशनची चित्रं काढतानाच खुर्चीवरून कोसळले. तीन आठवडे ते स्टुडिओतच झोपत होते. अॅम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली आणि व्यवस्थापक त्यांचे कागद घेऊन माझ्याकडे आला. “मिझुहो, चार वाजता हा प्रसंग द्यायचाय. तीस चित्रं राहिलीत.” “पण ते कसे आहेत?” “कळेल गं. तू हात चालव.” वरच्या कागदावर पळणाऱ्या मुलीचा पाय गुडघ्यापाशीच थांबला होता. मी त्यांची रेघ पुढे नेली. “तुझी रेघ फार घाबरट आहे,” म्हणून ते मला चिडवायचे. आज ती जराही थरथरली नाही. दुपारी फोन आला. व्यवस्थापक म्हणाला, “कुरामोचीसान गेले.” आम्ही सगळे उठलो, मिनिटभर मान खाली घालून उभे राहिलो. मी रडू येण्याची वाट पाहिली. बसताना लक्षात आलं, पेन्सिल अजून हातातच होती.