झोळीतली चरवी

चरवी घासायला घेतली की साळूला अजून ती गाडी आठवते. लष्कराच्या लिलावातली, रोज बटाट्याची पोती वाहणारी. नाणेघाटात सगळ्यांनी मुक्काम करायचा म्हणून नवऱ्याने हौद्यावर लोखंडी कमानी ठोकून ताडपत्री ओढली आणि सायकलच्या ट्यूबांनी तान्ह्याची झोळी टांगली. "लेकरू आदळंल की रं!" सासूबाई कडाडल्या. त्यांनी दुधाने भरलेली चरवी झोळीत ठेवली. "आधी हिला आपटाळ्यापातुर फिरवून आण. दूध सांडलं, तर कुणीच जायचं न्हाई." गाडी परतली तेव्हा साळू धावतच अंगणात आली. झोळीचा कोपरा ओला होता. तिचे डोळे भरले. सासूबाईंनी कोपरा चाचपला आणि त्या घाटाकडे बघत राहिल्या. तिकडचं माहेर त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. हळूच पदराने दूध टिपून त्या म्हणाल्या, "थेंबबी न्हाई सांडला. साळे, माझंबी लुगडं बांध गं बोचक्यात."