जुना पडदा, नवा पडदा

"बोला," योगिनी म्हणाली.

सुगत डावीकडच्या संगणकाच्या माईककडे वाकला. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात त्याचे दोन्ही हात कोपरापासून गेले होते. तो बोलायचा आणि त्याचा प्रोग्रॅम पत्राच्या खिडकीत अक्षरं टाइप करायचा. सेलूच्या त्या कॉलेजातले सगळे दाखले त्याच्याच तोंडून निघत. गडी अस्सल सेलूचा, पण यंत्राला 'हाय-न्हाई' कळत नाही म्हणून त्याच्यापुरता पुणेरी व्हायचा.

"मी सुगत. मी या कार्यालयात काम करतो."

पडद्यावर वाक्य उमटलं.

या संगणकावर खिडक्या रेखाटायची जुनी पद्धत होती, एक्स. शेजारच्यावर नवी, वेलँड. जुनीत कुठलीही खिडकी दुसरीत डोकावते, लिहितेसुद्धा. नवीत प्रत्येक खिडकीला आतून कडी. संगणक शिकवणाऱ्या योगिनीला ही कडी मनापासून आवडली होती. मार्चमध्ये ती प्रश्नपत्रिका टाइप करत असताना कुठल्याशा फुकटच्या प्रोग्रॅमने शेजारून ती वाचली, पेपर फुटला आणि ठपका तिच्यावर आला. आता 'नवी पद्धत सर्वांना चालते' या कागदावर तिची सही झाली, की सगळे संगणक आजच नव्या पद्धतीवर जाणार होते.

सुगत उजवीकडे सरकला. "मी सुगत. मी या कार्यालयात काम करतो."

काहीच उमटलं नाही. तो पुन्हा बोलला, जरा मोठ्याने. योगिनीने माईक तपासला. प्रोग्रॅमला नीट ऐकू येत होतं, पण पत्राच्या खिडकीत शिरायला त्याला वाट नव्हती.

"चोर अन् मी, दोगंबी त्याला सारखेच दिसायलोत, म्याडम," सुगत म्हणाला.

तेवढ्यात प्राचार्य अण्णासाहेब आत आले. "झाली का सही?"

"सर, यांचं काम नव्यावर होत नाही."

"मग दारावर बसवू त्यांना. पगार काही कमी करत नाही." त्यांनी आवाज उतरवला. "जुनं ठेवलं अन् परत पेपर फुटला, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. विचार करा."

योगिनीने पेन उचललं. सुगत तिच्याकडे बघत नव्हता. तो त्या रिकाम्या पडद्याकडे बघत होता.

तिने पेन खाली ठेवलं, दोन्ही पडद्यांवरची पानं छापली आणि अण्णासाहेबांच्या हातात दिली.

पहिलं त्यांनी वाचलं. दुसरं उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे तर कोरंच हाय."

"मी दोन्हीवर तेच बोललो, सर," सुगत म्हणाला.